वाचनालयाला पोथीची वेळ लावा



आश्विन लागला की खेड्यातले सार्वजनिक वाचनालय जागे होते. वर्षभर गंज चढलेल्या कुलपात तेल पडते. दसऱ्याला पाटीवरच्या सरस्वतीची पूजा होते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला २०१५ पासून राज्यभर तो पाळला जातो. टेबलावर धुतलेली चादर, फोटोला हार, शाळेतली पोरे ओळीत बसलेली, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक. फोटो निघतो आणि पुस्तके पुन्हा कपाटात जातात. मग ग्रंथप्रदर्शन लागते. दिवाळीच्या तोंडावर दिवाळी अंकांची वर्गणी निघते. नोव्हेंबरात या सगळ्याचा अहवाल तालुक्याला जातो: कार्यक्रम चार, उपस्थिती समाधानकारक.

उपस्थिती कोणाची? कोरडवाहू मुलखात आश्विन-कार्तिकाचे दिवस कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. परतीचा पाऊस अंगावर असतो. ज्वारीचे कणीस काळे पडायच्या आत खुडायचे असते. सीतादही झालेली असते आणि फुटलेले बोंड वाट पाहत थांबत नाही. मराठवाड्यात रब्बी ज्वारीची तिफण चालू असते. सकाळी आठला गाव रिकामे होते ते दिवस बुडताना परत येते. नेमके त्याच वेळात, दुपारी अकरा ते चार, वाचनालयाचे सगळे कार्यक्रम होतात आणि चारला कुलूप लागते. गाव परत येते तेव्हा दार बंद असते. मग व्यासपीठावरून पाहुणे सांगतात की खेड्यातला माणूस वाचत नाही.

हा आरोप खोटा आहे. तो खोटा का आहे, आणि त्याची किंमत आपण कशी मोजतो, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

गावाला वाचन नवे नाही

ज्या गावात वाचनालयाची पाटी नव्हती त्या गावातही चातुर्मासात पोथी लागत होती. दिवसभराचे काम आटोपून, भाकरी खाऊन, माणसे देवळात जमत. एक जण वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा, बाकीचे ऐकायचे आणि मध्येच प्रश्न घालायचे. अक्षर ओळख नसलेला म्हातारासुद्धा कोणत्या अध्यायात काय आहे ते सांगायचा. विदर्भात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता अशीच बसून वाचली जाते. म्हणजे आपल्या गावात वाचन होते आणि आहे. ते रात्रीचे आहे, मोठ्याने आहे, दहा जणांत आहे आणि ऐन याच हंगामात आहे.

महात्मा फुल्यांनी हे ओळखले होते. 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ साली लिहून होत असताना त्यांनी तो छापखान्यात देऊन वाट पाहिली नाही. जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जाऊन त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला. बडोद्याला सयाजीराव महाराजांनाही ऐकवला. ज्याच्याबद्दल पुस्तक आहे त्याच्या कानावर ते घालायचे, हा त्या लिहिण्याचाच भाग होता.

त्याच सयाजीरावांनी, नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या माणसाने, १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून संस्थानभर मोफत वाचनालये उभी केली. जिथे वाचनालय नव्हते तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. तामिळ मुलखात मन्नारगुडीजवळ ऑक्टोबर १९३१ मध्ये बैलगाडीतून फिरणारे वाचनालय सुरू झाले, तेही गावोगाव. त्याचे उद्घाटन करणारे डॉ. रंगनाथन यांनी त्याच वर्षी ग्रंथालयाचे पाच नियम छापले. त्यातला पहिला असा की पुस्तके वापरण्यासाठी असतात. आपल्याकडे १२ ऑगस्टला त्यांच्या फोटोला हार घालतात आणि त्यांचा पहिला नियम कपाटात ठेवतात. शेतकऱ्याच्या वेळेला आणि शेतकऱ्याच्या वाटेला वाचनालय नेणे शंभर वर्षांपूर्वी जमत होते. तेव्हा गाडीला बैल होते. आज डांबरी सडक आहे आणि वाचनालयाचे दार चारला बंद होते.

या दोन महिन्यांत न वाचण्याची किंमत

कोणी म्हणेल, वेचणीच्या दिवसांत कसले वाचन? वर्षात कधी वाचायलाच हवे असेल तर ते याच दोन महिन्यांत. कसे ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट जिवाची. २०१७ साली ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. डोक्याच्या वर गेलेली पऱ्हाटी, दमट हवा, आणि दुकानदाराने सांगितले म्हणून दोन-तीन औषधे एकत्र केलेला पंप. डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा अति विषारी, निळा मध्यम, हिरवा त्यातल्या त्यात कमी. डब्यासोबत पत्रक असते. किती पाण्यात किती औषध, फवारल्यावर किती दिवस शेतात जायचे नाही, विष चढले तर पहिला उपचार काय आणि डॉक्टरांनी उतारा कोणता द्यायचा, हे त्यात लिहिलेले असते. अक्षर मुंगीएवढे असते आणि पत्रक बांधावर फेकले जाते. हे पत्रक संध्याकाळी दहा जणांत एकाने मोठ्याने वाचायला किती वेळ लागतो? दहा मिनिटे. मेलेल्यांचा दोष त्यांच्या न वाचण्यावर ढकलणारा मी नाही. ज्याला विष विकले त्याला ते समजावून सांगणे विकणाऱ्याचे आणि खात्याचे काम होते. पण पुढचा मरू नये एवढे तर आपल्या हातात आहे.

दुसरी गोष्ट बोंडअळीची. गुलाबी अळीसाठी हेक्टरी पाच कामगंध सापळे लावा, एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ किंवा जास्त पतंग आले तर उपाय करा, वीस हिरवी बोंडे फोडून दोनात अळी सापडली तर फवारणीची वेळ आली असे समजा, हे आम्ही कृषी पदवीधर सांगत आलो. सांगणे बरोबर आहे, पण ते एकेकट्याला सांगून भागत नाही. पतंग सातबारा पाहून उडत नाही. माझ्या शेतात आज दोन पतंग आणि नाल्यापलीकडे बारा, तर तीन दिवसांनी माझ्याकडेही बारा. साऱ्या शिवाराचे आकडे रोज एका फळ्यावर आले तर गावाला आठवडाभर आधी सावध होता येईल. तो फळा लावायला गावात सर्वांची अशी जागा कोणती? नावाने तरी एकच आहे: सार्वजनिक वाचनालय.

तिसरी गोष्ट पैशाची. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हा भाव ८ टक्के ओलाव्याच्या कापसाचा. ९ टक्के भरला तर ८,०२८ रुपये ९० पैसे, १० ला ७,९४७ रुपये ८० पैसे, ११ ला ७,८६६ रुपये ७० पैसे, १२ ला ७,७८५ रुपये ६० पैसे. १२ च्या वर गेला की केंद्रावरून गाडी परत. म्हणजे दव असताना वेचलेला आणि न वाळवता भरलेला कापूस क्विंटलमागे ३२४ रुपयांपर्यंत बसतो, नाहीतर व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीत जातो आणि तिथे तर पाटीच नसते. त्याच हंगामात सरकारी खरेदीसाठी 'कपास किसान' या मोबाइल ॲपवर नोंदणी सक्तीची झाली. ज्याला ॲप जमले नाही त्याला केंद्राचे दार बंद. हे पाच आकडे वाचनालयाच्या भिंतीवर चुन्याने लिहायला किती खर्च येतो? आणि ॲपवर गावाची नोंदणी करून द्यायला वाचनालयातल्या एका शिकलेल्या पोराच्या दोन संध्याकाळी पुरल्या असत्या.

चौथी गोष्ट भाव ओळखण्याची. वाचनालयात दैनिक येते, त्यात रुईचा भाव खंडीने छापलेला असतो. तो आपण वाचत नाही, कारण आपण रुई विकत नाही. पण खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, आणि एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई व ६३ किलो सरकी निघते, एवढे माहीत असले की व्यापाऱ्याचे गणित उघडे पडते. उदाहरणापुरते धरा, खंडी ५३,४०० रुपये आणि सरकी ३५ रुपये किलो. रुई किलोला १५० रुपयांनी ५,१०० रुपये, सरकीचे २,२०५ रुपये, मिळून ७,३०५ रुपये. यातून जिनिंग, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा वजा करा. जे उरते ते तुमच्या कापसाचे. दारात आलेला व्यापारी त्यापेक्षा किती कमी सांगतो हे मग त्याच्या तोंडावर मोजता येते. ही आकडेमोड चौथी पास पोराला येते. दैनिक मात्र दुपारी एका निवृत्त माणसाच्या हाताखाली असते आणि रात्री कुलपात.

पाचवी गोष्ट कागदाची. खरिपाची हंगामी पैसेवारी सप्टेंबरअखेर आणि सुधारित ऑक्टोबरअखेर जाहीर होते. गाव ५० पैशांच्या आत आहे की वर, यावर दुष्काळाच्या सवलती लटकतात. तो कागद वाचलाच नाही तर हरकत कशी घेणार? पीकविम्याचेही तसेच. २०२३ च्या खरिपात एक रुपयात विमा आला. २०२५ च्या खरिपात तो बंद झाला, हप्त्याचा वाटा पुन्हा शेतकऱ्यावर आला आणि भरपाई पीक कापणी प्रयोगाच्या उत्पन्नावर ठरू लागली. म्हणजे तुमच्या मंडळात प्रयोग कोणत्या शेतात, कोणत्या दिवशी होतो आणि तिथे गावातले कोण उभे आहे, याला एकदम मोल आले. नियम बदलतात ते कागदावर. चावडीवर वर्षभर जुन्याच नियमाची चर्चा चालते. कागद मिळाला आणि मोठ्याने वाचला गेला तर ती चर्चा थांबते.

मोबाइल आहे ना?

हे ऐकले की आपलीच तरणी पोरे म्हणतात, काका, सगळे मोबाइलवर मिळते. मिळते, पण त्यात काय काय मिळते ते पाहा. कापूस दहा हजारांवर जाणार असा निरोप येतो, कोणी पाठवला ते कळत नाही, आणि माणूस घरात कापूस साठवून बसतो. गेल्या वर्षीचा शासन निर्णय यंदाचा म्हणून फिरतो. हातभर पडद्यावर दहा माणसे मिळून वाचू शकत नाहीत, आणि तिसऱ्या महिन्यात तोच कागद शोधायला गेले तर सापडत नाही. वाचनालयाचे काम इथेच आहे. तिथे कागद तारखेसह फाइलला लागतो, दहा जणांसमोर वाचला जातो, खोटा असेल तर कोणीतरी तिथेच बोलतो, आणि तीन वर्षांनी भांडायची वेळ आली तर तो हाताशी असतो. मोबाइलवर आलेला निरोपही तिथे आणून तपासा. दोन्ही एकमेकांचे शत्रू नाहीत.

दुसरी हरकत शिकलेल्या मंडळींची. वाचनालय साहित्यासाठी आहे, तिथे सरकीचे भाव आणून ते बाटवू नका, असे ते म्हणतील. त्यांना माझे उत्तर असे की साहित्यही रात्रीच वाचा, आणि आमच्यासमोर वाचा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही मराठी माणसाची आश्विनातली मिरास आहे आणि तिच्यात आमचाही वाटा आहे. भावाची पाटी वाचून झाली की दिवाळी अंकातली एक गोष्ट मोठ्याने वाचा. पोथी ऐकणाऱ्या कानांना गोष्ट कशी ऐकायची हे शिकवावे लागत नाही.

बाईची तारीख

ज्या १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो त्याच तारखेला आपल्या देशात महिला किसान दिन असतो आणि जगात ग्रामीण महिला दिनही. एकाच तारखेला हे तिन्ही. आणि त्या दिवशी दुपारी बारा वाजता गावातली बाई कुठे असते? कमरेला ओटी बांधून कापसाच्या तासात. तिच्या नावाने दिवस आहे, वाचनाच्या नावाने दिवस आहे, आणि तिला दोन्हींचा पत्ता नाही. फवारणीचे पाणी तीच वाहते, फवारलेले कपडे तीच धुते, तेव्हा डब्यावरचा त्रिकोण तिला सगळ्यांत आधी कळायला हवा. तो कार्यक्रम संध्याकाळी घेतला, तिच्यासाठी चटया टाकल्या आणि भाषणाऐवजी ते पत्रक वाचले, तर त्या दिवसाला काही अर्थ आहे.

सरकारचा हिशेब

एवढे वाचून गावच्या ग्रंथपालावर तुटून पडू नका. त्याचाही हिशेब पाहा. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्यानुसार अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि खेड्यातली बहुतेक वाचनालये खालच्या पायरीवर असतात. २०१२ साली ड वर्गाचे अनुदान वर्षाला ३०,००० रुपये झाले. त्यानंतर दहा वर्षे त्यात एका पैशाची भर पडली नाही. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढीचा निर्णय झाला, म्हणजे झाले ४८,०००. याला ३६५ ने भागा. दिवसाला १३१ रुपये येतात. यात ग्रंथपालाचा पगार, पुस्तके, दैनिके, वीज आणि जागेचे भाडे. दहा रुपये किलोने तेरा किलो कापूस वेचला की मजूर बाईला तेवढे मिळतात, आणि तेरा किलो ती दुपारच्या भाकरीच्या आत वेचते. एका गावाच्या साऱ्या ज्ञानाची सरकारने लावलेली रोजची किंमत ती एवढी. हे पैसेही हप्त्याने आणि उशिराने येतात. पुस्तकवाल्याची उधारी आणि ग्रंथपालाची उधारी वर्षभर चालते. ज्याचा पगार मार्चअखेर निघतो त्याने रात्री दहापर्यंत दार उघडे ठेवावे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे?

म्हणून आपले भांडण दोन बाजूंनी आहे. सरकारशी भांडायचे पैशासाठी आणि वेळेवर येणाऱ्या हप्त्यासाठी. गावातल्या कारभाऱ्यांशी भांडायचे दाराच्या वेळेसाठी. हे दुसरे भांडण सोपे आहे, कारण वाचनालय चालवणारी संस्था नोंदणी झालेली असते, तिला सभासद असतात, वार्षिक सभा असते. आपण सभासद होत नाही, सभेला जात नाही, आणि पाच-सात माणसांचे कार्यकारी मंडळ वर्षानुवर्षे तेच राहते.

ठराव

येत्या जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावा असे मी सुचवतो.

१. कोजागरी ते कार्तिकी पौर्णिमा हा पुरा महिना गावचे वाचनालय रात्री आठ ते दहा उघडे असावे. त्यासाठी ग्रंथपालाचे दिवसाचे तास तेवढे कमी करावेत, नाहीतर गावच्या तरुणांनी पाळीपाळीने बसावे. फुकटची दुसरी पाळी त्याच्यावर लादू नये. तपासणीत रात्रीचे तास धरले जावेत अशी मागणी ग्रंथालय संचालनालयाकडे करावी.

२. दाराशी एक फळा असावा. त्यावर सापळ्यांतले पतंग, ओलाव्याप्रमाणे हमीभाव, रुई आणि सरकीचा त्या दिवशीचा भाव रोज लिहावा.

३. एक फाइल असावी. पैसेवारीची जाहिरात, विम्याच्या अटी, पीक कापणी प्रयोगाची तारीख, खरेदी केंद्राचे नियम आणि ज्याला द्यावीशी वाटेल त्याच्या हिशेबपट्टीची नक्कल तीत लावावी.

४. १५ ऑक्टोबरचा कार्यक्रम दिवे लागल्यावर व्हावा. प्रत्येक घरातून एक सभासद बाईच्या नावाने व्हावा.

५. अनुदानाचा पहिला हप्ता पेरणीपूर्वी मिळावा, आणि मिळालेल्या पैशाचा खर्च वाचनालयाने त्याच फळ्यावर लिहावा. सरकारकडे हिशेब मागणाऱ्याने आपला दाखवायला लाजू नये.

बैठकीला येणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने येण्याआधी एक काम करावे. आपल्या गावच्या वाचनालयाची किल्ली कोणाच्या घरी असते आणि दार कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंत उघडे असते, हे स्वतः जाऊन पाहावे आणि कागदावर लिहून आणावे. भाषणे त्यानंतर.